अन्नप्रक्रिया उद्योगातील पुरवठा साखळी आणि उत्पादन कार्यक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्नपदार्थांचे कारखाने चालवणारे, उत्पादन आणि खरेदी सांभाळणारे, गोदाम व डिस्पॅच पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतील आकडे केवळ हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून घेतले आहेत.

१. अन्नपदार्थांच्या कारखान्यात कार्यक्षमता कशाला म्हणायचे? जास्तीत जास्त टन काढले म्हणजे झाले ना?

नाही. वापरलेला कच्चा माल, वेळ, मनुष्यबळ, पाणी आणि ऊर्जा यांच्या तुलनेत किती सुरक्षित माल, वेळेवर आणि पुरेशी मुदत शिल्लक असताना ग्राहकाकडे पोहोचला, हे कार्यक्षमतेचे माप आहे. जो टन गोदामात पडून मुदतबाह्य होतो, तो एकदा उत्पादनाच्या नोंदीत आणि काही आठवड्यांनी नुकसानीच्या नोंदीत दिसतो, आणि दोन्ही नोंदी वेगवेगळ्या विभागांकडे असल्यामुळे त्यांचा मेळ क्वचितच घातला जातो.

या उद्योगात कच्च्या मालाचे गुणधर्म प्रत्येक खेपेला बदलतात, माल नुसता थांबला तरी त्याचे आयुष्य खर्च होत राहते, आणि बिघडलेला नग दुरुस्त करून विकण्याची सोय बहुधा नसते. त्यामुळे खालील बरीच उत्तरे फिरून एकाच मुद्द्यावर येतात: येथे मंद वेगापेक्षा अनियमितपणा जास्त महाग पडतो.

२. ओईई कसा काढतात आणि तो किती असावा?

ओईई म्हणजे यंत्रसामग्रीची एकूण परिणामकारकता. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी टीपीएम या देखभाल पद्धतीबरोबर ते रूढ केले. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता या तीन गुणोत्तरांचा तो गुणाकार असतो.

४८० मिनिटांच्या शिफ्टमधून ठरलेल्या सुटीची ३० मिनिटे वजा केली, तर ४५० मिनिटे उरतात. बिघाड, चेंजओव्हर (एका उत्पादनावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी लाइनमध्ये करायचा बदल) आणि माल न आल्यामुळे लाइन ६० मिनिटे थांबली असेल, तर ती प्रत्यक्षात ३९० मिनिटे चालली आणि उपलब्धता ८६.७ टक्के झाली. लाइनचा प्रमाणित वेग मिनिटाला १०० पाकिटे असेल, तर या वेळात ३९,००० पाकिटे निघायला हवी होती. निघाली ३५,१००, म्हणजे वेगाचे गुणोत्तर ९० टक्के. त्यांपैकी ३४,३९८ पाकिटे चांगली ठरली, म्हणजे गुणवत्ता ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७६.४ टक्के येतो. पडताळाही सोपा आहे: ४५० मिनिटांत ४५,००० चांगली पाकिटे शक्य होती, मिळाली ३४,३९८.

८५ टक्के हा आकडा जागतिक दर्जाची खूण म्हणून सर्रास सांगितला जातो, परंतु दिवसातून चार वेळा उत्पादन बदलणाऱ्या आणि दर वेळी धुवाव्या लागणाऱ्या लाइनने त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आपल्याच लाइनचा मागील तीन महिन्यांचा आकडा ही अधिक प्रामाणिक तुलना आहे. प्रमाणित वेग मुद्दाम कमी लिहून ओईई फुगवण्याचा प्रकारही बराच चालतो. गुणोत्तर १०० टक्क्यांच्या वर गेलेले दिसले, तर आधी तो वेग तपासावा.

३. रोजच्या साफसफाईचा वेळ ओईईमध्ये धरायचा की वगळायचा?

दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. आमचे मत धरण्याच्या बाजूचे आहे, मात्र तो बिघाडात न मिसळता वेगळ्या ओळीत दाखवावा. वगळलेल्या वेळेकडे कोणाचे लक्ष राहत नाही. चाळीस मिनिटांची सफाई हळूहळू सत्तर मिनिटांवर जाते आणि ओईई तेवढाच राहतो. याउलट हा वेळ इतर तोट्यांबरोबर एकत्र मोजला, तर उत्पादन विभाग सफाई उरकण्याचा दबाव आणतो, आणि तो धोका त्याहून मोठा आहे. सफाईचा वेळ योग्य रीतीने कसा घटवावा, हे प्रश्न ६ मध्ये पाहावे.

४. आम्ही पॅकिंगची नवी, वेगवान मशीन घेतली. तरीही महिन्याचे उत्पादन वाढले नाही. असे का झाले?

कारण बहुधा लाइनचा अडथळा पॅकिंगमध्ये नव्हता. एलियाहू गोल्डरॅट यांनी मांडलेल्या मर्यादांच्या सिद्धांतानुसार संपूर्ण साखळीचे उत्पादन तिच्यातील एकाच टप्प्यावरून ठरते आणि इतर कोणताही टप्पा सुधारला तरी एकूण आकडा हलत नाही. अन्नप्रक्रियेत हा टप्पा बहुतेकदा उष्णतेशी निगडित असतो: भट्टी, रिटॉर्ट (बंद डबे किंवा पाकिटे दाबाखाली तापवण्याचे यंत्र), बाष्पीभवन, गोठवण किंवा थंड करण्याचा कन्व्हेयर. पदार्थाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचण्यास किंवा तेथून बाहेर पडण्यास जो वेळ लागतो, तो मोटारीचा वेग वाढवून कमी होत नाही.

अडथळा ओळखण्यासाठी एक पूर्ण शिफ्ट लाइनच्या बाजूला उभे राहून पाहणे पुरते. ज्याच्या आधी माल साचतो आणि ज्याच्या पुढची यंत्रे मालाची वाट पाहत रिकामी फिरतात, तो टप्पा अडथळ्याचा. नवीन पॅकिंग मशीन दर काही मिनिटांनी थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर ती मालाच्या प्रतीक्षेत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अडथळ्याचा टप्पा सापडल्यावर लगेच नवे यंत्र घेण्याची गरज नसते. तेथे जेवणाच्या सुटीत बदली ऑपरेटर देणे, सदोष माल त्या टप्प्यावर पोहोचण्याआधीच बाजूला काढणे, त्याची देखभाल सर्वांत आधी करणे, हे उपाय जवळजवळ बिनखर्चाचे आहेत. पुढील आणि मागील यंत्रांचा वेग अडथळ्याच्या यंत्रापेक्षा थोडा जास्त ठेवला, तर कोठेतरी छोटा थांबा आला तरी त्याच्या आधीची जागा मालाने भरून आणि पुढची जागा रिकामी होऊन अडथळ्याचे यंत्र अखंड चालते. येथे मात्र अन्नाची एक खास मर्यादा लक्षात घ्यावी लागते. भट्टीतून निघालेला गरम पदार्थ हवा तितका वेळ साठवता येत नाही: तो झाकला तर वाफेचे पाणी धरते, उघडा ठेवला तर ओलावा शोषतो किंवा गमावतो. म्हणून दोन टप्प्यांमधील राखीव साठा किती मिनिटांचा असावा, हे गुणवत्ता विभागाने चाचणी घेऊन ठरवायचे असते.

५. दहा-वीस सेकंदांचे थांबे लिहून ठेवणे खरोखर गरजेचे आहे का?

होय. वीस सेकंदांचा थांबा शिफ्टमध्ये ९० वेळा आला, तर ३० मिनिटे जातात, आणि त्याची कोणी तक्रारही करत नाही, कारण ऑपरेटर हात घालून अडकलेले पाकीट काढतो आणि लाइन पुढे चालू लागते. नोंद मात्र सोपी हवी. पाच-सहा नेहमीची कारणे छापलेल्या कागदावर रेघ मारणे पुरेसे आहे. आठवडाभरात एखादे कारण बाकी सर्वांच्या पुढे जाते आणि पुष्कळदा ते यंत्राचे नसून फिल्मच्या रोलचे किंवा वाकलेल्या खोक्याचे, म्हणजेच खरेदीचे निघते.

६. चेंजओव्हरमध्ये दोन-दोन तास जातात. स्वच्छतेशी तडजोड न करता हा वेळ कसा कमी करावा?

शिगेओ शिंगो यांनी जपानी वाहन उद्योगात विकसित केलेली स्मेड पद्धत येथेही लागू पडते. यंत्र थांबवल्याशिवाय होऊ शकत नाहीत अशी कामे आणि ते चालू असतानाच उरकता येतील अशी कामे आधी वेगळी करायची, नंतर पहिल्या गटातील शक्य तेवढी कामे दुसऱ्या गटात न्यायची. पुढील उत्पादनाचे नोझल, फिल्मचे रोल, छपाईची तारीख, मोजून ठेवलेले घटक, धुण्यासाठी तयार केलेले द्रावण हे सर्व लाइन थांबण्याआधी जागेवर असावे. नोझलचा जादा धुतलेला संच बाळगला, तर जुना संच लाइन पुन्हा सुरू झाल्यावर निवांत धुता येतो. प्रत्यक्ष पाहिले तर दोन तासांतील मोठा भाग पाना शोधण्यात, गुणवत्ता विभागाच्या सहीची वाट पाहण्यात आणि सुरुवातीच्या वजनांची जुळवाजुळव करण्यात जातो. म्हणूनच चेंजओव्हरचा काळ जुन्या उत्पादनाच्या शेवटच्या चांगल्या पाकिटापासून नव्याच्या पहिल्या चांगल्या पाकिटापर्यंत मोजावा. यंत्र सुरू झाल्याच्या क्षणापर्यंत मोजू नये.

उत्पादनांचा क्रम हा दुसरा मोठा उपाय आहे. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे, सौम्य चवीकडून तीव्र चवीकडे आणि ॲलर्जी निर्माण करणारे घटक नसलेल्या पदार्थाकडून ते असलेल्या पदार्थाकडे, असा क्रम लावला की मधल्या सफाया हलक्या होतात आणि पूर्ण ओली सफाई चक्राच्या शेवटी एकदाच करावी लागते. रंग आणि ॲलर्जी यांचे क्रम परस्परविरोधी निघाले, तर ॲलर्जीचा क्रम वरचढ मानावा.

सफाईचा परिणाम वेळ, तापमान, रसायनाची तीव्रता आणि पाण्याचा जोर या चार गोष्टींवर अवलंबून असतो, त्यामुळे एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. यंत्र न उघडता धुण्याच्या सीआयपी पद्धतीत आधी पाणी, मग अल्कली, पुन्हा पाणी, गरजेनुसार आम्ल, शेवटी पाणी आणि निर्जंतुकीकरण असा क्रम असतो. या पायऱ्या बहुतेक ठिकाणी घड्याळावर चालतात. परतीच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून रसायन निघून गेल्याची खात्री होताच पायरी संपवली, तर वेळ आणि पाणी दोन्ही वाचते. तथापि, असा बदल स्वॅब चाचण्यांनी (धुतलेला पृष्ठभाग पुसून घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणीने) प्रमाणित झाल्यावरच अमलात आणावा.

७. मोठ्या बॅचमुळे चेंजओव्हर कमी होतात. मग शक्य तेवढी मोठी बॅच घेणे फायद्याचे नाही का?

फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार बदलाचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च यांचा तोल साधणारी एक किफायतशीर संख्या असते. त्या सूत्रात माल खराब होण्याचा विचार नाही. नाशवंत पदार्थांत बॅचची कमाल मर्यादा मुदतीवरून ठरते: बॅचमधील शेवटचे पाकीट कारखान्यातून निघताना त्याच्यावर खरेदीदाराने मागितलेली मुदत शिल्लक राहील, एवढीच बॅच घ्यावी. सूत्राने त्याहून मोठी संख्या सुचवली, तर खरे काम बॅच वाढवण्याचे नसून चेंजओव्हर स्वस्त करण्याचे आहे. चेंजओव्हर निम्म्यावर आला की तेवढ्याच वेळात दुप्पट वेळा उत्पादन बदलता येते आणि प्रत्येक पदार्थ ताजा राहतो.

८. आमच्या साठ्यामुळे मुदतीतले नेमके किती दिवस खर्च होतात, हे पटकन कसे काढावे?

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम वापरावा: सरासरी साठा भागिले रोजची सरासरी जावक, म्हणजे मालाचा सरासरी मुक्काम. शीतगृहात सरासरी ६० टन माल असेल आणि रोज १२ टन बाहेर जात असेल, तर माल सरासरी ५ दिवस थांबतो. पदार्थाची मुदत १५ दिवसांची असेल, तर एक तृतीयांश मुदत आपल्याच दाराच्या आत संपते. हा हिशेब कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल यांच्यासाठी वेगवेगळा करावा.

९. कच्चा माल तेवढाच, पाककृती तीच, तरी उतारा (कच्च्या मालातून मिळणाऱ्या तयार मालाचे प्रमाण) दर आठवड्याला वेगळा येतो. गळती कोठे शोधावी?

आधी वस्तुमानाचा ताळेबंद मांडावा. आत आलेले एकूण किलो एका बाजूला, आणि तयार माल, रिवर्क (पुन्हा प्रक्रियेत घालायचा उरलेला किंवा सदोष माल), टाकाऊ भाग, धुण्यात गेलेला माल व उडून गेलेले पाणी हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू जुळत नसतील, तर वजनकाटे आणि नोंदी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ताळेबंद जुळूनही उतारा हलत असेल, तर कारण बहुधा कच्च्या मालातील घन पदार्थांचे प्रमाण असते. समजा, फळांचा गर आटवून २८ टक्के घन पदार्थांचा तयार करायचा आहे. गरात १४ टक्के घन पदार्थ असतील, तर १,००० किलोपासून ५०० किलो तयार माल मिळतो. गर १२ टक्क्यांचा आला, तर केवळ ४२९ किलो मिळतो, शिवाय ५०० ऐवजी ५७१ किलो पाणी उडवावे लागते. माल कमी, वाफ जास्त आणि बाष्पीभवन यंत्र जास्त वेळ अडकलेले, असा तिहेरी फटका बसतो. तरीही दोन्ही खेपांना किलोमागे एकच भाव दिलेला असतो. अशा मालाची किंमत घन पदार्थांच्या टक्केवारीनुसार ठरवणे न्याय्य आहे आणि पुरवठादारालाही चांगला माल देण्याचे कारण मिळते.

१०. पाकिटात वजन कमी भरू नये म्हणून आम्ही थोडे जास्तच भरतो. हा तोटा रोखता येतो का?

जास्त भरणे हे भरण्यातील चढउताराचे लक्षण आहे. ५०० ग्रॅमच्या पाकिटात भरणाऱ्या यंत्राचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) ३ ग्रॅम असेल आणि सुरक्षिततेसाठी दोन विचलनांचे अंतर ठेवले असेल, तर लक्ष्य ५०६ ग्रॅम ठेवावे लागते. विचलन दीड ग्रॅमवर आणले, तर ५०३ ग्रॅम पुरतात. रोज २०,००० पाकिटे निघत असतील, तर ६० किलो तयार माल वाचतो. विचलन न घटवता फक्त लक्ष्य खाली आणणे हा कायद्याला आमंत्रण देणारा मार्ग आहे. किती अंतर पुरेसे, हे त्या बाजारपेठेतील वजनमापाच्या नियमांवरूनच ठरते.

चढउताराची कारणे यंत्राजवळ उभे राहिले की दिसतात. पावडर भरणाऱ्या स्क्रू-फिलरच्या हॉपरमधील पातळी खालीवर झाली की पावडर कमी-जास्त दाबली जाते आणि वजन बदलते, म्हणून ती पातळी स्थिर ठेवणे हाच पहिला उपाय. द्रव पदार्थात फेस आणि तापमान पाहावे. ऑपरेटर प्रत्येक पाकीट तोलून लगेच नॉब फिरवत असेल, तर त्याला थांबवावे. एकेका पाकिटाच्या स्वाभाविक फरकाला उत्तर म्हणून केलेली दुरुस्ती चढउतार वाढवते. पाच-पाच पाकिटांची सरासरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तरच यंत्राला हात लावावा.

११. कच्च्या मालाचा सुरक्षित साठा किती ठेवावा?

अंदाजाने 'पंधरा दिवसांचा' असे ठरवण्यापेक्षा हिशेब करावा, कारण तो भलतीच गोष्ट उघड करतो. एखाद्या घटकाचा रोजचा खप सरासरी २०० किलो, त्याचे प्रमाण विचलन ५० किलो आणि माल मागवल्यापासून हाती येण्याचा काळ ९ दिवस आहे असे धरू. ९५ टक्के वेळा माल कमी पडू नये यासाठीचा गुणक १.६५ आहे. पुरवठादार न चुकता नवव्या दिवशी माल देत असेल, तर १.६५ गुणिले ५० गुणिले ९ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २४८ किलो पुरतात.

पुरवठादार कधी सातव्या, कधी अकराव्या दिवशी येतो आणि त्या काळाचे विचलन २ दिवसांचे आहे, एवढाच बदल केला, तर सूत्रात आणखी एक पद येते: पुरवठा काळाच्या दिवसांना खपाच्या विचलनाच्या वर्गाने गुणायचे, त्यात खपाचा वर्ग गुणिले काळाच्या विचलनाचा वर्ग मिळवायचा आणि बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे. त्याला १.६५ ने गुणले की उत्तर ७०५ किलो येते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आता सुधारणेचे दोन पर्याय पाहू. मागणीचा चढउतार निम्मा केला, तर साठा ६७२ किलोपर्यंतच उतरतो. पुरवठादाराचे विचलन दोन दिवसांवरून एका दिवसावर आणले, तर तो ४१३ किलोवर येतो. अशा घटकासाठी अंदाजाचे महागडे सॉफ्टवेअर घेण्याऐवजी पुरवठादाराशी वाहतुकीचा ठरलेला वार निश्चित करणे कितीतरी पटीने उपयुक्त आहे.

हा हिशेब प्रत्येक घटकाचा स्वतंत्र करावा आणि उत्तर त्या घटकाच्या मुदतीत बसते की नाही, हे पाहावे. बसत नसेल, तर जवळचा दुसरा पुरवठादार किंवा गोठवलेला, वाळवलेला पर्याय शोधावा लागतो.

१२. सर्वांत स्वस्त पुरवठादार सोडावा का?

सोडण्याआधी त्याच्या मालाची खरी किंमत काढावी. दरामध्ये अनियमिततेमुळे बाळगावा लागणारा जादा साठा (प्रश्न ११), कमी उतारा (प्रश्न ९), परत पाठवलेल्या खेपा आणि त्या दिवशी थांबलेली लाइन यांचा खर्च मिळवला की क्रम बदलू शकतो. बदलला नाही, तर तो पुरवठादार खरोखरच स्वस्त आहे. एवढा हिशेब दाखवून त्याच्याशी बोलणे शक्य होते, ही त्यातील जास्त उपयोगाची बाजू.

१३. ग्राहकांची विक्री फारशी बदलत नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या ऑर्डर मात्र प्रचंड वर-खाली होतात. हे कसे?

याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. जे फॉरेस्टर यांनी तो औद्योगिक व्यवस्थांच्या अभ्यासातून दाखवला आणि हाउ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे मांडली: प्रत्येक टप्प्यावर नव्याने केलेला मागणीचा अंदाज, एकदम मोठी ऑर्डर देण्याची सवय, सवलतींमुळे आधीच भरलेला माल आणि टंचाईच्या भीतीने मुद्दाम फुगवलेली मागणी. यांतील तिसरे कारण कारखाना स्वतःच निर्माण करतो. महिनाअखेरीचे विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी सवलत दिली जाते, वितरक माल भरून ठेवतात, पुढील दोन आठवडे ऑर्डर येत नाहीत, आणि कारखाना आधी ओव्हरटाइम देतो व नंतर रिकामा बसतो. नाशवंत मालात याचा परिणाम दुहेरी असतो, कारण वितरकाकडे साचलेला माल परतही येतो.

उपाय म्हणजे वितरकाच्या ऑर्डरऐवजी दुकानातील प्रत्यक्ष विक्रीवर नियोजन करणे, थोड्या-थोड्या आणि वारंवार ऑर्डर स्वीकारणे आणि सवलत खरेदीच्या क्षणाऐवजी ठरावीक काळातील एकूण उचलीवर देणे. टंचाईच्या काळात माल वाटून द्यायचा असेल, तर तो मागितलेल्या प्रमाणात न देता मागील विक्रीच्या प्रमाणात द्यावा. म्हणजे फुगवून मागण्याचे कारणच उरत नाही.

१४. गोदामात आधी आलेला माल आधी काढतो. तरी मुदतबाह्य माल का निघतो?

कारण आधी आलेला माल आधी संपणाराच असतो असे नाही. नंतर आलेल्या खेपेची मुदत कमी असू शकते. अन्नपदार्थांसाठी 'ज्याची मुदत आधी, तो आधी' हा फेफो नियम वापरावा. यासाठी रॅकवर मुदतीची तारीख लांबून वाचता येईल अशी लिहिलेली हवी, आणि समोरून भरून समोरूनच काढायच्या खोल रॅक टाळाव्यात. तेथे जुना माल मागेच राहतो.

एक अपवाद आहे. खरेदीदार किमान शिल्लक मुदतीची अट घालत असेल, तर सर्वांत जुना माल त्याला पाठवणे म्हणजे परत आणणेच होय. असा माल त्याच्या अटीखाली जाण्याच्या काही दिवस आधीच वेगळा काढून, कमी मुदत चालणाऱ्या ग्राहकाला द्यावा.

१५. गाडीचा थर्मामीटर योग्य तापमान दाखवत होता, तरी माल खराब पोहोचला. चूक कोणाची?

शीतगाडीचे यंत्र थंड माल थंड राखण्यासाठी असते. गरम माल थंड करण्याची ताकद त्यात नसते. भरतानाच माल पुरेसा थंड नसेल, तर गाडीतील हवा योग्य तापमानाची दिसते आणि खोक्याचा गाभा तासन्‌तास गरम राहतो. म्हणून भरण्याआधी मालाच्या गाभ्याचे तापमान घ्यावे, गाडी रिकामी असताना थंड करून घ्यावी आणि हवा खेळावी यासाठी भिंतीपासून व छतापासून जागा सोडावी. गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश सेल्सिअस ही सर्वमान्य मर्यादा आहे. थंड मालात तापमान १० अंशांनी वाढले, तर खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. सर्वांत कच्चा दुवा बहुधा रस्ता नसून लोडिंगचा धक्का असतो, जेथे पॅलेट कागदपत्रांची वाट पाहत उभे राहते. तापमान नोंदणारे छोटे यंत्र खोक्यांच्या मध्ये ठेवले की तो काळ आलेखात स्पष्ट दिसतो.

१६. रिवर्क पुढील बॅचमध्ये मिसळल्याने उतारा सुधारतो. त्यात काही गैर आहे का?

मर्यादेत ठेवल्यास नाही. रिवर्क त्याच पदार्थात किंवा तेच ॲलर्जीकारक घटक असलेल्या पदार्थातच जावा, त्याचे कमाल प्रमाण लिहून ठरवावे आणि त्याचे वय मूळ बॅचपासून मोजावे. दुर्लक्षित राहणारी बाब अशी: आजचे रिवर्क उद्याच्या बॅचमध्ये आणि उद्याचे परवाच्या बॅचमध्ये जात राहिले, तर माल परत मागवण्याची वेळ आल्यावर दोष कोणत्या दिवशी संपला, हे सांगताच येत नाही आणि सगळेच परत घ्यावे लागते. त्यासाठी ठरावीक काळाने, उदाहरणार्थ पूर्ण ओल्या सफाईच्या वेळी, उरलेले रिवर्क टाकून देऊन साखळी तोडावी. बॅचची नोंद एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे सलग असेल, तरच हे तोडणे कागदावर सिद्ध करता येते.

१७. हॅसेपच्या (अन्नसुरक्षेचे धोके ओळखून त्यांवर नियंत्रण ठेवण्याच्या पद्धतीच्या) नियंत्रण बिंदूंमुळे लाइन मंदावते. थोडी सूट घेता येईल का?

येत नाही. दुधाच्या पाश्चरीकरणाचे उदाहरण घ्या: ७२ अंश सेल्सिअस आणि १५ सेकंद. ज्या नळीत दूध हे १५ सेकंद राहते, तिची लांबी ठरलेली असते. पंपाचा वेग १० टक्क्यांनी वाढवला, तर दूध तेथे १३.६ सेकंदच राहते, आणि तापमानाच्या आलेखावर काहीही चुकीचे दिसत नाही. उत्पादन वाढवायचे असेल, तर नळी लांब करून प्रक्रिया नव्याने प्रमाणित करावी लागते. मर्यादेला वारंवार टेकून लाइन थांबत असेल, तर तापमान नियंत्रणाचा चढउतार कमी करावा. मर्यादा तीच राहून थांबे घटतात.

१८. ऊर्जेच्या बाबतीत पहिले पाऊल कोणते?

सुटीच्या दिवशी, सर्व लाइन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून ऐकावे. तो अधूनमधून भार घेत असेल, तर ती सर्व गळती आहे. देखभाल नसलेल्या कारखान्यात दाबाच्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीत जाणे नवलाचे नाही. त्यानंतर निकामी झालेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून नळीत साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि बॉयलरकडे परत न येणारे गरम पाणी पाहावे.

१९. आधी सॉफ्टवेअर घ्यावे की आधी पद्धत सुधारावी?

स्टोअरमधील प्रत्यक्ष साठा आणि नोंदीतला साठा जुळत नसेल, तर सॉफ्टवेअर तीच चूक जास्त वेगाने पसरवते. प्रश्न २, ५ आणि ९ मधील नोंदी कागदावर तीन महिने नियमित ठेवता आल्या, तर कोणते सॉफ्टवेअर हवे, हे त्यांतूनच कळते.

२०. ओईई वाढला, पण नफा घटला. हे शक्य आहे का?

शक्य आहे. मागणी नसताना लाइन चालू ठेवली, चेंजओव्हर टाळण्यासाठी एकच पदार्थ दिवसभर काढला, की ओईई वाढतो आणि न विकलेला माल साचतो. म्हणून ओईई एकट्याने वाचू नये. त्याच्या शेजारी वेळेवर व पूर्ण पुरवलेल्या ऑर्डरचे प्रमाण आणि डिस्पॅचच्या वेळी शिल्लक असलेली सरासरी मुदत हे दोन आकडे असावेत.

२१. लाइन मुद्दाम पूर्ण क्षमतेने न चालवणे कधी योग्य ठरते?

येणारा माल अनियमित आणि नाशवंत असेल तेव्हा. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात एखादा टप्पा ८० टक्के व्यग्र असेल, तर येणारी प्रत्येक खेप स्वतःच्या प्रक्रियेच्या सरासरी चौपट वेळ वाट पाहते. ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटचे पाच टक्के वापरात आणण्यासाठी प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते. धान्याच्या गिरणीत ही प्रतीक्षा फारशी नडत नाही. ताजे दूध, मासे किंवा पिकलेली फळे स्वीकारणाऱ्या टप्प्यावर तीच प्रतीक्षा थेट खराबी आणि घटलेला उतारा बनते, म्हणून तेथे १५ ते २० टक्के क्षमता मोकळी ठेवणे हा तोटा मानू नये. ही मोकळीक फक्त आवक स्वीकारून स्थिर करण्याच्या टप्प्यावर, म्हणजे थंड करणे, उकळणे किंवा गोठवणे येथे हवी. त्यापुढील टप्प्यांना स्थिर झालेला माल मिळत असल्याने ते अधिक भरून चालवता येतात. आवकीच्या वेळा पुरवठादारांना वाटून दिल्या आणि चढउतार घटला, की प्रतीक्षाही घटते, आणि राखलेली क्षमता तेवढ्या प्रमाणात कमी करता येते.